ओटू सेन्सर बदलायच्या आधी त्याला मीटर लावा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा लागला आणि स्कॅनिंगमध्ये ओटू, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "सेन्सर गेलाय, बदलून टाकू." आपणही मान डोलावतो, कारण स्कॅनर समोरच्याच्या हातात असतो आणि आपल्या हातात नुसती किल्ली. पण स्कॅनरवरचा कोड ही फक्त तक्रार असते. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, एवढंच सांगतो की या सर्किटकडून मला जे यायला पाहिजे ते येत नाहीये. आता ते सेन्सर मेल्यामुळे येत नाहीये, वायर तुटल्यामुळे येत नाहीये का फ्यूज उडाल्यामुळे, हे शोधायचं काम माणसाचं, आणि त्यासाठी एक साधा मल्टिमीटर आणि रविवारची अर्धी सकाळ पुरते. काही हजारांचा पार्ट घ्यायच्या आधी तेवढं करायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आमची गाडी म्हणजे बीएस फोरच्या काळातली पेट्रोल हॅचबॅक, पुण्यातच फिरते, घर ते ऑफिस, मुलीचा क्लास, मंडई, सगळे छोटे छोटे फेरे. अ‍ॅव्हरेज हळूहळू पडायला लागलं. आधी वाटलं ट्रॅफिक वाढलंय, मग दुसऱ्या पंपावरून पेट्रोल भरून बघितलं, टायरमधली हवा बघितली, एअर फिल्टर बदलून झाला, आणि मग एक दिवस दिवा लागला. एक गोष्ट मात्र खटकत होती, साताऱ्याला जाऊन आलो की अ‍ॅव्हरेज अगदी पहिल्यासारखं मिळायचं. शहरात खाते आणि हायवेला खात नाही, हे काय आहे? हाच प्रश्न पुढे सगळ्यात जास्त कामाला आला. गॅरेजमध्ये सांगितलं की ओटू बदला, आणि तशीच चालवत राहिलात तर कॅटकॉन, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पण जाईल. त्यातलं दुसरं वाक्य खरंच आहे, पेट्रोल जास्त जात राहिलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून तापून खराब होतो, आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट. म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करा असं मी अजिबात म्हणत नाहीये.

आधी हा सेन्सर करतो काय ते समजून घ्यायला पाहिजे, कारण ते कळलं की अर्धी टेस्टिंग आपली आपणच सुचते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिन या प्रमाणाच्या आसपास चाललं तरच कॅटकॉन कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स हे तिन्ही एकदम साफ करू शकतो, जरा इकडे तिकडे झालं की एक साफ होतं आणि दुसरं राहतं. मग प्रमाण बरोबर आहे का नाही हे कळणार कसं, तर जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघून. बॉशने हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांवर पहिल्यांदा आणला आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. आत झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचं पोकळ टोक असतं, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या बाजूला एक्झॉस्टचा धूर, आतल्या बाजूला साधी हवा, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढं व्होल्टेज ते टोक स्वतःच तयार करतं. पेट्रोल जास्त झालं, म्हणजे मिक्स्चर रिच, तर साधारण ०.९ व्होल्ट. हवा जास्त झाली, म्हणजे लीन, तर ०.१ च्या आसपास. मधली सीमा ०.४५. आणि तो मध्ये कुठे थांबत नाही, या टोकाहून त्या टोकाला उडी मारतो. ईसीयू रिच बघतो, पेट्रोल कमी करतो, लगेच लीन दिसतं, मग वाढवतो, त्यामुळे चांगल्या सेन्सरचा ग्राफ झोपाळ्यासारखा सारखा वरखाली होत असतो. स्थिर बसलेला ग्राफ म्हणजे काहीतरी बिघडलंय.

पण हे सगळं ते टोक ३०० डिग्रीच्या वर तापल्यावर. थंड झिर्कोनिया काहीच बोलत नाही. म्हणून आत एक छोटा हीटर बसवलेला असतो, गाडी चालू केल्यावर काही सेकंदांत टोक तापवायला. चार वायरींपैकी दोन या हीटरच्या. सेन्सर तापेपर्यंत ईसीयू त्याचं ऐकतच नाही, आपल्या ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, आणि तो हिशोब थंड इंजिनासाठी जरा सढळ हाताचाच असतो. याला ओपन लूप म्हणतात. सेन्सर बोलायला लागला की क्लोज्ड लूप. आता साताऱ्याचा प्रश्न घ्या. हीटर मेलेला असेल तर टोक फक्त धुराच्या उष्णतेवर तापणार, त्याला वेळ लागणार, सिग्नलला गाडी उभी राहिली की परत थंड पडणार, आणि छोट्या फेऱ्यांमध्ये तर निम्मा रस्ता ओपन लूपमध्येच संपणार. हायवेला धूर कायम गरम, सेन्सर व्यवस्थित काम करणार, अ‍ॅव्हरेज मिळणार. म्हणजे मीटर हातात घ्यायच्या आधीच संशय सेन्सरच्या टोकावरून हीटरवर आला होता.

मग स्कॅनर. ब्लूटूथवाला, ईसीयूमधले कोड वाचणारा छोटा ओबीडी अ‍ॅडाप्टर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या पोटात सॉकेट असतं तिथे लावायचा आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी टू आहे, म्हणजे त्यानंतरची पेट्रोल गाडी असेल तर हे चालायला हरकत नाही. आमच्या गाडीत पी०१३५ निघाला. म्हणजे बँक एक, सेन्सर एक, हीटर सर्किट. बँक म्हणजे सिलिंडरची रांग. सेन्सर एक म्हणजे कॅटकॉनच्या आधीचा, सेन्सर दोन म्हणजे नंतरचा. चार सिलिंडरच्या आपल्या छोट्या गाड्यांना बँक एकच असते. पी०१३१ म्हणजे व्होल्टेज सतत कमी, पी०१३२ म्हणजे सतत जास्त, पी०१३३ म्हणजे सेन्सर आळशी झालाय, उशिरा हलतोय, पी०१३४ म्हणजे काही हालचालच नाही, आणि पी०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरचा हीटर. हा फरक फार महत्त्वाचा आहे कारण "ओटूचा कोड आलाय" एवढंच सांगितलं की हे सगळे एकच वाटतात. कोड मिटवायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, स्पीड काय होता हे त्यात असतं आणि एकदा मिटवलं की ते गेलं.

कोड बघून थांबायचं नाही, लाइव्ह डेटा बघायचा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली आणि पुढच्या सेन्सरचा ग्राफ लावून बसलो. व्होल्टेज ०.४५ ला सरळ रेषेत. बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयू स्वतःच तेवढं व्होल्टेज त्या वायरवर ठेवतो, म्हणजे ही रेषा दिसली की समजायचं सेन्सर अजून झोपलेलाच आहे. इंजिनाचं टेंपरेचर वर चढत होतं, आयडलिंग खाली आलं होतं, रेषा सरळच आणि अ‍ॅपवर ओपन लूप. मग बऱ्याच वेळाने रेषा थोडी थरथरली आणि एकदम ०.८ ला जाऊन खाली आली, परत वर, आणि लगेच क्लोज्ड लूप. रेस दिली की पटकन वर, रेस सोडली की सपकन खाली. म्हणजे टोक जिवंत आणि चपळ आहे, फक्त त्याला कोणी तापवत नाहीये. ही टेस्ट मोकळ्या जागेत करा, बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता कपलर. गाडी बंद, एक्झॉस्ट थंड, आणि आधी फ्यूज. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर तक्ता असतो, ओटू हीटरचा फ्यूज काही गाड्यांत वेगळा असतो, काहींमध्ये दुसऱ्या कशाबरोबर एकत्र. आमचा फ्यूज चांगला होता. मग सेन्सरची वायर जिथे संपते तो कपलर सोडवला. बॉश आणि एनटीकेच्या सेन्सरना बहुतेक वेळा दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या ग्राउंडची. डेन्सोच्या सेन्सरला दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी ग्राउंड. सोपी खूण म्हणजे एकाच रंगाच्या ज्या दोन असतील त्या हीटरच्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या बाजूच्या त्या दोन पिनांवर प्रोब लावले. चांगला हीटर थंड असताना काही ओहम दाखवतो, बनावटीप्रमाणे साधारण ३ पासून १५ पर्यंत, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. आमच्या मीटरवर ओएल, म्हणजे आतली तार तुटलेली. प्रोब घासून परत लावले, वायर हलवून बघितली, ओएलच.

तरी मी तिथे थांबलो नाही आणि तुम्हीही थांबू नका, कारण नवा सेन्सर लावल्यावर त्याला करंट मिळणार आहे का हे आत्ताच बघता येतं. कपलरची दुसरी बाजू, जी गाडीच्या वायरिंगकडे जाते, तिथे हीटरच्या पॉझिटिव्हला किल्ली ऑन केल्यावर १२ व्होल्ट आले पाहिजेत. काही गाड्यांत ते इंजिन चालू झाल्यावरच येतात. दुसरी वायर ईसीयूकडे जाते आणि ईसीयू तिला ग्राउंड देऊन हीटर चालूबंद करतो. त्या दोन पिनांमध्ये छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावला, कोड मिटवला, इंजिन चालू केलं, लॅम्प लागला. म्हणजे वायरिंग चांगली, ईसीयू चांगला, हीटरच गेलाय. आता सेन्सर विकत घ्यायला हरकत नव्हती, आणि नेमका का घेतोय हेही माहीत होतं.

नाना पेठेत गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "ओरिजिनल पाहिजे का लोकल?" आणि बाजूलाच एक युनिव्हर्सल सेन्सर ठेवला, कपलर नसलेला, जुना कपलर कापून वायरी जोडायचा. मी तो घेतला नाही आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही. टोकाच्या आतल्या बाजूला जी साधी हवा लागते ती बऱ्याच सेन्सरमध्ये वायरींच्या आतून, तांब्याच्या तारांमधल्या फटींतून येते. तिथे सोल्डर भरला की हवेची वाट बंद आणि नवा सेन्सर चुकीचं सांगायला मोकळा. त्याच कारणाने या कपलरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा ग्रीस मारायचं नसतं. जुन्या सेन्सरच्या अंगावरचा पार्ट नंबर फोटो काढून नेला होता, तोच नंबर, तीच वायरची लांबी, तोच कपलर बघून घेतला. बॉक्स, होलोग्राम, बिल सगळं नीट बघा, बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे आणि स्वस्तातला सेन्सर पहिल्या दिवशी चांगलाच चालतो.

खोलायचं काम सांगायला सोपं आहे पण इथेच लोकांचे आटे जातात. सेन्सरचे आटे १८ मिलिमीटरचे, डोकं २२ नंबरचं. साधा सॉकेट वायरमुळे बसत नाही, बाजूला खाच असलेला ओटू सेन्सरचा सॉकेट मिळतो तो घ्या, उघड्या पान्याने डोकं गोल होतं. आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, सकाळी इंजिन दोन-चार मिनिटं चालवलं, म्हणजे मॅनिफोल्ड, सेन्सर बसलेला धुराचा पाइप, कोमट होतो आणि आटे जरा सैल पडतात, लालबुंद गरम नको, हात भाजतो. मग इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढली. जाड हातमोजे घातले, सॉकेट पूर्ण खाली बसवला, लांब हँडल लावून आधी अगदी किंचित आवळायच्या दिशेने दाब दिला आणि मग उलटा. कटकन आवाज आला. पहिल्यांदा वाटतं काहीतरी तुटलं, पण तो गंज सुटल्याचा आवाज असतो. त्यानंतर सरसर फिरला तर ठीक, पण मध्येच करकर करून जड झाला तर जोर लावायचा नाही, अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, परत स्प्रे, असं करत काढायचा. रात्रीत सुटला नाही तर अजून एक रात्र स्प्रेमध्ये राहू द्या. कोकणातल्या, समुद्राजवळच्या गाड्यांना तर हे हमखास लागतं.

हातात आलेला सेन्सर टाकून द्यायच्या आधी उजेडात नीट बघा. टोकावर भोकं असलेली धातूची टोपी असते, तिच्यावरचा रंग इंजिनाची खबर देतो. आमच्यावर काजळीचा पातळ कोरडा थर होता, ओपन लूपमध्ये जास्त पेट्रोलवर चालल्याचा. जाड, मऊ काजळी असती तर इंजेक्टर, फ्युएल प्रेशर बघावं लागलं असतं. तेलकट तपकिरी असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढरट भुकटी असेल तर सिलिकॉनचा संशय घ्या, कोणीतरी गॅस्केटला भलताच सीलंट लावलेला असतो, सीलंटच्या ट्यूबवर सेन्सर सेफ लिहिलेलं असतं तोच वापरायचा. शिसं हा या सेन्सरचा आणि कॅटकॉनचा दुसरा शत्रू, पण २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं तेव्हापासून ती काळजी गेली. कारण शिल्लक ठेवून नवा सेन्सर लावला तर तोही त्याच वाटेने जाणार. आणि कार्ब क्लीनरमध्ये बुडवून, व्हिनेगरमध्ये ठेवून, बर्नरवर भाजून सेन्सर नवा होतो असे व्हिडिओ खूप फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. तुटलेली हीटरची तार धुऊन जुळत नाही.

नव्याच्या आट्यांवर कंपनीतूनच अँटी सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं ग्रीससारखं, लावलेलं होतं. नसेल तर अगदी थोडं लावायचं, आट्यांवरच, टोकाला एक ठिपकाही नको. आधी हाताने पूर्ण फिरवून बसवला, मग टॉर्क रेंचने आवळला, १८ मिलिमीटरच्या आट्यांना साधारण ४० न्यूटन मीटर. वायर जुन्या क्लिपांमध्येच बसवली, मॅनिफोल्डला टेकली तर वितळते. आणि बसवताना सेन्सर फरशीवर पडला तर तो लावू नका, आतलं सिरॅमिक तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

कोड मिटवला, गाडी रात्रभर ठेवली आणि सकाळी तोच ग्राफ परत लावला. मिनिटाच्या आत रेषा हलायला लागली आणि क्लोज्ड लूप आला. मला त्या हलणाऱ्या रेषेकडे बघून खरंच आनंद झाला. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या हिशोबापेक्षा पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय तो आकडा, पुढच्या काही दिवसांत शून्याच्या जवळ येऊन बसला, साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. कोड मिटवल्यावर ईसीयूच्या आतल्या सगळ्या तपासण्या नव्याने सुरू होतात, रेडिनेस मॉनिटर म्हणतात त्याला, ते पूर्ण व्हायला शहरातलं आणि हायवेचं मिळून थोडं ड्रायव्हिंग लागतं. ते होईपर्यंत "दिवा गेला म्हणजे झालं" असं धरायचं नाही.

मागचा सेन्सर मात्र वेगळ्या नजरेने बघायचा. कॅटकॉन चांगला असेल तर त्याची रेषा बऱ्यापैकी स्थिर असते, साधारण ०.६-०.७ ला, आणि तीच बरोबर. तोही पुढच्यासारखा वरखाली नाचायला लागला तर कॅटकॉन थकलाय, तेव्हा पी०४२० येतो, आणि तिथे ओटू बदलून काही होत नाही. तसंच पुढच्या सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डला तडा असेल किंवा गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर प्रामाणिकपणे लीन सांगतो आणि बदनाम तोच होतो. पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन, आला तर आधी व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या बघा. आणि बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये पुढे वाइडबँड म्हणजे एअर फ्युएल सेन्सर असतो, त्याला वर सांगितलेलं ०.१ ते ०.९ चं गणित लागू नाही, तिथे अ‍ॅपमध्ये लॅम्डाचा, म्हणजे योग्य प्रमाणाच्या तुलनेत हवा किती आहे त्याचा, आकडा बघायचा, तो १ च्या आसपास पाहिजे.

हे सगळं झाल्यावर सोसायटीतले एक काका आले, त्यांच्या गाडीतही पी०१३५, आणि त्यांनाही सेन्सर बदला असं सांगितलेलं. कपलर सोडवून मीटर लावला तर हीटर व्यवस्थित ओहम दाखवत होता. दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टच नव्हते, फ्यूज उडालेला. नवा टाकला, किल्ली ऑन केली, तोही उडाला.

"अहो, पण सेन्सरच गेलाय म्हणाले ना ते?"

"काका, सेन्सरपर्यंत करंटच पोचत नाहीये. वायर कुठेतरी बॉडीला लागतेय."

टॉर्च घेऊन वायरिंगच्या मागे मागे गेलो तर बॅटरी ट्रेच्या खाली उंदरांनी कुरतडलेलं, दाण्याची टरफलं पडलेली, हीटरच्या पॉझिटिव्हचं तांबं उघडं पडून ब्रॅकेटला टेकलेलं. कुरतडलेला भाग कापला, त्याच जाडीच्या वायरचा तुकडा क्रिंप करून जोडला, वर हीट श्रिंक चढवली. ही वायर गाडीच्या बाजूची असल्यामुळे इथे जोड द्यायला हरकत नव्हती. फ्यूज टिकला, कोड मिटवल्यावर दिवा परत आला नाही, सेन्सर जुनाच आहे. वायरिंगवर आता जाड स्लीव्ह घातलंय आणि काका दर रविवारी बॉनेट उघडून बघतात.